फोन बाबांचा, अभ्यास आईचा

कोरोनाच्या साथीत शाळा बंद होत्या तेव्हा, जुलै २०२० मध्ये, महाराष्ट्राच्या शालेय शिक्षण विभागाने ऑनलाइन वर्गांचं वेळापत्रक आखून दिलं. नववी ते बारावीला पाऊण-पाऊण तासाची चार सत्रं, तिसरी ते आठवीला तशीच दोन. पहिली-दुसरीला अर्ध्या-अर्ध्या तासाची दोन सत्रं. त्यातली पंधरा मिनिटं पालकांशी संवादाची आणि पंधरा मिनिटं मुलांकडून काही करून घेण्याची. पूर्वप्राथमिकच्या मुलांसाठी ठेवलेला अर्धा तास तर सगळाच पालकांशी बोलण्यासाठी होता. म्हणजे वर्ग जितका लहान, तितकं शिकवणं घरातल्या मोठ्या माणसावर सोपवलेलं. कागदावर ते माणूस ‘पालक’ होतं. प्रत्यक्षात पोराच्या शेजारी बसली ती बहुतेक घरांत आई.

हा निर्णय चुकीचा होता असं मला वाटत नाही. सहा वर्षांच्या मुलाला पडद्यासमोर तास-तासभर बसवण्यापेक्षा त्याच्या घरच्यांना हाताशी धरणं शहाणपणाचंच होतं. फक्त ही आई कोण, तिच्याकडे वेळ किती आणि फोन कुणाचा, हे त्या कागदाने विचारलेलं नव्हतं.

उदाहरणादाखल एक गाव घ्या. पुण्याहून नगर रस्त्याला लागलं की वाघोली, लोणीकंद, कोरेगाव भीमा आणि मग सणसवाडी. तीसेक किलोमीटरचं अंतर. शिरूर तालुक्यातलं हे गाव एके काळी शेतीचं. आता रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कारखाने आहेत. कारखाने आले तशा खोल्या उठल्या: एका रांगेत दारं, पुढे अरुंद ओटा, पाण्याला सामाईक नळ. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेली कुटुंबं अशा खोल्यांत राहतात. नवरा कंपनीत फिरत्या पाळीवर, कधी फर्स्ट, कधी सेकंड, कधी नाईट. बायकोही पुष्कळदा ठेकेदारामार्फत पॅकिंगला नाहीतर साफसफाईला. स्मार्टफोन घरात एकच, तो नवऱ्याच्या खिशात आणि नवरा कंपनीत. सकाळी अकराला शिक्षकांनी व्हॉट्सअॅप ग्रुपवर पाठवलेली पंधरा मिनिटांची कृती घरी पोचायची रात्री, पाळी सुटल्यावर. “सर, फोन ह्यांच्याकडं असतो,” हे वाक्य त्या दोन वर्षांत अशा वस्त्यांच्या शाळांतल्या शिक्षकांनी किती वेळा ऐकलं असेल, त्याची मोजदाद नाही.

टाळेबंदीत बरीच कुटुंबं गावाकडे निघून गेली. त्यात एक फायदाही झाला: मूल बीडला किंवा नांदेडला आजीकडे असलं तरी सणसवाडीच्या शाळेचा ग्रुप त्याच्या खिशातून, म्हणजे त्याच्या मामाच्या खिशातून, सोबत गेला. पण कारखाने पुन्हा सुरू झाले आणि माणसं परतली तेव्हा शाळा बंदच होत्या.

शाळा किती काळ बंद राहिल्या याची आठवण आता पुसट होत चालली आहे, म्हणून तारखा पाहायला हव्यात. पुण्यात कोरोनाचे पहिले रुग्ण सापडले ९ मार्च २०२० रोजी. त्याच महिन्याच्या मध्यावर शाळा बंद झाल्या आणि पहिली ते आठवीच्या वार्षिक परीक्षा रद्द झाल्या. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून, पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ पासून उघडायला परवानगी मिळाली; पहिली ते चौथीला मिळाली नाही. मग दुसरी लाट आली आणि सगळंच पुन्हा मिटलं. ४ ऑक्टोबर २०२१ ला ग्रामीण भागात पाचवीपासून पुढचे वर्ग सुरू झाले. ग्रामीण भागातल्या पहिली ते चौथीला १ डिसेंबर २०२१ ची वाट पाहावी लागली आणि जानेवारी २०२२ मध्ये काही आठवडे दारं पुन्हा लागली. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेलं मूल वर्गात पहिल्यांदा बसलं ते थेट दुसरीच्या निम्म्यावर. सगळ्यांत लहान मुलं सगळ्यांत शेवटी शाळेत आली. शिक्षणाच्या दृष्टीने पाहिलं तर हा क्रम नेमका उलटा होता. बारावीचा मुलगा पुस्तक घेऊन एकटा बसू शकतो. पहिलीतल्या मुलाला पुस्तक उघडता येतं, वाचता येत नाही.

ही अडचण नवी नाही. १९३७ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या शिकागो शहरात पोलिओची साथ आली, शाळा उघडल्याच नाहीत आणि शहराने रेडिओवरून धडे सुरू केले. वर्तमानपत्रांत रोजच्या धड्यांचं वेळापत्रक आणि प्रश्न छापून येत. घराघरांत रेडिओ लावून आईवडील मुलांना बसवत आणि आवाज नीट येत नाही म्हणून तक्रारीही करत. पण ते धडे होते तिसरी ते आठवीसाठी. पहिली-दुसरीला रेडिओवरून शिकवण्याच्या फंदात शिकागो पडलंच नाही.

का, ते समजून घ्यायचं तर पहिलीच्या वर्गात नेमकं काय घडतं ते बघायला हवं. ‘कि’ हे अक्षर घ्या. कानाला आधी ‘क्’ ऐकू येतो, मग ‘इ’. पण लिहिताना पहिली वेलांटी आधी येते आणि क नंतर. मूल कानावर विश्वास ठेवून आधी क लिहितं, मग वेलांटी जोडायला जागा शोधतं आणि ‘की’ करून बसतं. वर्गातल्या बाई हे लिहिताना बघतात. पेन्सिल कुठून सुरू झाली, कुठे अडली, हात कुठे वळला, ते त्यांना दिसतं आणि चूक होण्याच्या क्षणी त्या बोट ठेवतात. व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या फोटोत फक्त पूर्ण झालेलं अक्षर दिसतं. ते मुलाने एकट्याने काढलं, आईने हात धरून काढून घेतलं, की आईनेच काढलं, हे फोटो सांगत नाही. वही उशिरा पाठवली की शिक्षक विचारतील या धास्तीने कित्येक घरांत तिसरा प्रकार झाला. रात्री साडेनऊला झोपेने पेंगणाऱ्या मुलापुढे दुसरं काही सुचतही नाही. अशा आयांना मी दोष देणार नाही. फोटो मागणारी पद्धतच तसं करायला लावत होती.

गणितात तर आईच्या आणि पुस्तकाच्या भाषेतच फरक पडला होता. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात दोन अंकी संख्या ‘वीस सात’ अशाही वाचायला सांगितल्या आणि त्यावरून राज्यभर, विधिमंडळापर्यंत, वाद झाला. अभ्यासमंडळाच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी दिलेलं कारण समजण्यासारखं होतं. ‘सत्तावीस’ ऐकताना मुलाला आधी सात ऐकू येतात, मग वीस. म्हणून ते पुष्कळदा २७ च्या जागी ७२ लिहितं. ‘एकोणतीस’ आणखी अवघड, कारण त्यात तीस ऐकू येतात आणि लिहायचे असतात दोन आणि नऊ. वाद आपल्या जागी. पण वर्षभरातच साथ आली आणि ज्या आयांनी स्वतः सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस असंच घोकलं होतं त्यांच्या हातात ‘वीस सात’ असलेलं पुस्तक पडलं. त्यांना ते कुणी समजावून सांगितलं नव्हतं. शाळा चालू असती तर ते शिक्षकाचं काम होतं. आता आईला वाटलं, पुस्तक चुकलंय. नाहीतर, जास्त करून, आपण चुकलोय. “मला कुठं येतंय एवढं” असं म्हणून हात आवरून घेणाऱ्या आईच्या संकोचामागे अशी बारीकसारीक कारणं होती.

ज्या आईला मराठीच वाचता येत नाही तिची गत आणखी वेगळी. बिहारमधून आलेली बाई दुकानात, नळावर मराठी बोलायला शिकते, पण ग्रुपवर आलेला मराठी निरोप तिला वाचता येतोच असं नाही. तिचं मूल जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत. शाळा चालू असताना मूल मराठी शिकत होतं ते मैदानात, खिचडीच्या रांगेत, बाकावरच्या शेजाऱ्याकडून. शाळा बंद झाल्यावर त्याच्या कानावर दिवसभर घरचीच भाषा राहिली. आई त्याला सगळं काही शिकवू शकली असती, फक्त शाळेची भाषा नाही.

या काळात राज्यात काय-काय केलं गेलं याची यादी लांब आहे. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ म्हणत रोजची अभ्यासमाला व्हॉट्सअॅपवरून पाठवायला सुरुवात केली. पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये ‘स्वाध्याय’ आला. त्यात दर आठवड्याला व्हॉट्सअॅपवरच प्रश्न यायचे आणि उत्तरं तपासलीही जायची. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याचं जे काम आधीच केलं होतं, त्याला डिसेंबर २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि त्या कोडची उपयुक्तता त्याच वर्षी सगळ्यांना कळली. पण हे सगळं फोनच्या पलीकडचं नव्हतं. फोन नाही तर काहीच नाही.

फोनशिवायच्या वाटा मला जास्त लक्षात राहिल्या. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ मालिका दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर २० जुलै ते २६ सप्टेंबर २०२० या काळात लागली. पहिली ते आठवी प्रत्येक इयत्तेचे साठ, एकूण ४८० भाग. तिचं वैशिष्ट्य असं की तिच्यात फळा-खडू घेऊन शिकवणारे गुरुजी नव्हते. घरातल्या, अंगणातल्या वस्तू घेऊन मुलांनी घरच्यांच्या साथीने काय करून बघायचं, ते दाखवलेलं असे. आईने शिक्षिका व्हावं अशी अपेक्षा नव्हती, तिने सोबत असावं एवढीच होती. नागपूर आकाशवाणीवरून ‘प्रथम’ संस्थेचा ‘शाळेबाहेरची शाळा’ हा कार्यक्रम मुलांशी आणि पालकांशी बोलत होता. पालघर जिल्ह्यातल्या दांडवळमध्ये दिगंत स्वराज फाउंडेशनची ‘बोलकी शाळा’ ध्वनिक्षेपकावरून भरायची. माणसं ध्वनिक्षेपक उचलून पाड्यावर नेत आणि तिथे जमलेल्या मुलांसोबत काही आयाही ऐकत बसत. सोलापुरात नीलमनगरच्या कामगार वस्तीत शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर अभ्यास रंगवून घेतला. येता-जाता मूल भिंत वाचत होतं. सणसवाडीतल्या खोल्यांच्या रांगांनाही अशा भिंती आहेत.

दुर्दैव म्हणा की विसराळूपणा, पण पुण्यातच १९८४ पासून ‘बालचित्रवाणी’ नावाची सरकारी संस्था मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम बनवत होती. चाळिशीतल्या वाचकांना तिचं बोधचिन्ह आठवत असेल. निधीअभावी ती साथ येण्यापूर्वीच बंद पडली होती. गरज पडली तेव्हा टीव्हीवरचे धडे नव्याने उभे करावे लागले.

शिक्षकही मोकळे नव्हते. तपासणी नाके, सर्वेक्षण, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम, अशा कामांवर त्यांना लावलं गेलं. तरीही गावोगावचे शिक्षक पुस्तकं घरपोच देत होते, ओट्यावर पाच-सहा मुलं अंतराने बसवून शिकवत होते. शालेय पोषण आहाराचे तांदूळ-डाळ कोरडे वाटायला सुरुवात झाली तेव्हा ते न्यायला बहुधा आईच शाळेत यायची. पिशवी भरून घेताना बाईंशी पाच मिनिटं बोलणं व्हायचं. पोरगं काय करतंय, अडतंय कुठे, पुढे काय घ्यायचं. त्या रांगेतली ही पाच मिनिटं ग्रुपवरच्या पन्नास निरोपांपेक्षा कामाची होती, हे मी ठामपणे म्हणेन, आणि त्याला आधार आहे.

आफ्रिकेतल्या बोत्स्वाना देशात त्याच २०२० मध्ये साडेचार हजारांच्या आसपास कुटुंबांवर एक प्रयोग झाला. काही पालकांना आठवड्याला गणिताचा एक साधा लघुसंदेश पाठवला. काहींना संदेश पाठवून शिवाय आठवड्यातून एकदा वीसेक मिनिटांचा फोन केला. फोनवर शिक्षक पालक आणि मूल दोघांशी बोलत, एखादं गणित सोबत सोडवत. फोन साधा असला तरी चाले. नुसत्या संदेशाने फारसा फरक पडला नाही. संदेश आणि फोन मिळून मात्र मुलांची गणितं दिसण्याइतकी सुधारली. शिवाय आपल्या मुलाला कितपत येतं, याचा पालकांचा अंदाजही जास्त बरोबर येऊ लागला. हे निष्कर्ष पुढे ‘नेचर ह्युमन बिहेविअर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

मग न शिकलेल्या आईचं काय? भारतातलाच एक अभ्यास इथे महत्त्वाचा आहे. रुक्मिणी बॅनर्जी, जेम्स बेरी आणि मार्क शॉटलँड यांनी राजस्थान आणि बिहारमधल्या ४८० वस्त्यांत तो केला. काही वस्त्यांत आयांना साक्षरतेचे वर्ग दिले, काहींत घरी मुलासोबत करायच्या कृती दाखवल्या, काहींत दोन्ही. मुलांच्या शिकण्यात झालेली वाढ लहान होती, पण खरी होती, आणि दोन्ही गोष्टी एकत्र मिळाल्या तिथे ती अधिक होती. मुलांच्या अभ्यासात आयांचं लक्ष वाढलं आणि घरात वह्या-पुस्तकंही जास्त दिसू लागली. म्हणजे आईला सही करता येते की नाही, यावर सगळं ठरत नाही. तिच्यापर्यंत कोण पोचतं आणि काय घेऊन पोचतं, यावर बरंच ठरतं.

असरच्या २०२० च्या पाहणीतही हेच दिसतं. असर म्हणजे ‘प्रथम’चा देशभरातल्या ग्रामीण मुलांचा शैक्षणिक अहवाल, त्या वर्षी तो फोनवरून केला गेला. शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी जवळपास तीन चतुर्थांश मुलांना घरातून कुणाची तरी मदत मिळत होती आणि वर्ग जितका खालचा तितकं हे प्रमाण जास्त होतं. जेमतेम पाचवीपर्यंत शिकलेल्या आईवडिलांच्या घरांतही निम्म्याहून अधिक मुलांना मदत मिळत होती. उलट फोनचा हिशेब बघा. २०२१ च्या असरनुसार स्मार्टफोन असलेली घरं ६७.६ टक्क्यांवर पोचली होती, पण फोन घरात असूनही २६ टक्के मुलांच्या हाती तो येत नव्हता. जी मुलं लहान त्यांचा नंबर शेवटी. दहावीतली ताई असली की पहिलीतल्या भावाची पाळी येणार कधी? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे साथीच्या अगदी आधी, महाराष्ट्रातल्या ३८ टक्के स्त्रियांनी कधी ना कधी इंटरनेट वापरलेलं होतं. ग्रामीण भागात तर चारातल्या एकीनेही जेमतेम. एका सकाळी शाळाच इंटरनेटवर गेली तेव्हा तिथपर्यंत पोचण्याची वाट आईला ठाऊक नव्हती. ती वाट तिला बहुधा मोठ्या मुलीने दाखवली.

आणि वेळ? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची २०१९ ची वेळ-वापर पाहणी सांगते की विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात आणि ते करणारे पुरुष ९७ मिनिटं. घरातल्या माणसांची देखभाल करण्यात स्त्रियांची १३४ मिनिटं जातात, पुरुषांची ७६. हे शाळा चालू असतानाचे आकडे. शाळा बंद झाल्यावर यात पहिलीचा वर्ग वाढला. सरकारच्या पंधरा मिनिटांच्या मागे फोनची वाट बघणं होतं, पोराला बसवणं होतं, रिचार्ज संपला म्हणून शेजारणीकडून हॉटस्पॉट घेणं होतं, फोटो काढणं आणि तो जात नाही म्हणून पुन्हा काढणं होतं. ज्या बाईला कंपनीत हजेरी लावायची होती तिने हे सगळं स्वयंपाकाच्या आधी किंवा जेवणानंतर केलं. यातून चिडचिड झाली, पाठीत धपाटेही बसले. आई आणि शिक्षिका या दोन भूमिका एकाच माणसात आल्या की मुलाला रडायला कुशी उरत नाही. या नुकसानाची नोंद कोणत्याही अहवालात सापडायची नाही.

काय करता आलं असतं, याचं उत्तर फार गूढ नाही. काड्यापेटीतल्या दहा-दहा काड्यांना रबर लावून गठ्ठे करायचे आणि सुट्ट्या काड्या बाजूला ठेवायच्या: दोन गठ्ठे, सात सुट्ट्या. ‘वीस सात’ आणि ‘सत्तावीस’ एकच आहेत, हे मुलाला दिसतं, आईलाही. डाळ निवडताना ‘ड’ने सुरू होणारे शब्द शोधायचे. दुकानाच्या पाटीवर, बिस्किटाच्या पुड्यावर, टेम्पोच्या पाठीवर ओळखीचं अक्षर हुडकायचं. झोपताना गोष्ट सांगायची आणि अर्ध्यावर थांबून विचारायचं, पुढे काय झालं असेल? वाचनाचा पाया घालायला अक्षरओळख जितकी लागते तितकीच बोलीतली शब्दसंपत्ती लागते आणि ती भोजपुरीत वाढली तरी फुकट जात नाही. गोष्ट समजण्याची ताकद भाषा बदलली तरी सोबत येते. पण यातलं काहीही ‘गृहपाठ’ म्हणून मोजलं गेलं नाही. फोटो निघतो तो वहीचा. काड्यांच्या गठ्ठ्यांचा क्वचितच.

महाराष्ट्राला हे सुचण्यासारखं होतं, कारण मूल शाळेत येत नसेल तर शाळेने अंगणात जावं, ही कल्पना इथलीच. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. पुढे अनुताई वाघ यांच्यासोबत त्यांचं काम कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर गेलं. तिथे परिसरात सापडणाऱ्या वस्तूच शिकवण्याचं साहित्य झाल्या. आज देशभर रुळलेली अंगणवाडी त्या विचारातून आली आहे. खुद्द शिरूर तालुक्यात वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा गावाच्या बळावर राज्यभर नावाजली गेली ती साथीच्या आधीच. सणसवाडीची अडचण वेगळी: इथल्या निम्म्या-अर्ध्या वस्तीचं गाव दुसरीकडेच आहे.

साथ ओसरल्यावर हिशेब समोर आला. असर २०२२ मध्ये देशातल्या ग्रामीण तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी २०.५ टक्के होती. २०१८ मध्ये हेच प्रमाण २७.३ होतं. महाराष्ट्रातही घसरण झाली. तिसरीची ही मुलं म्हणजे २०२० मध्ये पहिलीत असलेली. दरम्यान शिकवणीला जाणारी मुलं २८.६ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ३९.२ टक्क्यांवर गेली होती. ज्या आईला परवडलं तिने शिकवणी लावली. खोलीचं भाडं थकलेलीला ते शक्य नव्हतं.

राज्याने यातून एक गोष्ट घेतली ती चांगली घेतली. २०२२ च्या उन्हाळ्यात ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान झालं. पहिलीत येणाऱ्या मुलांचे मेळावे भरले: नोंदणी, शारीरिक, बौद्धिक, सामाजिक-भावनिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी आणि शेवटी पालकांना मार्गदर्शन. वस्तीवस्तीत माता गट केले गेले. त्यांना दर आठवड्याला घरी करायच्या कृतींची छोटी चित्रफीत आणि कृतिपत्रिका मिळू लागली. शेजारच्या चार-पाच जणी एकत्र बसतात, एकीला वाचता येतं, दुसरीकडे फोन असतो, तिसरीला गोष्टी सांगता येतात. एका आईवर टाकलेलं ओझं पाच जणींत वाटलं जातं, हीच या गटाची खरी ताकद.

सणसवाडीसारख्या गावात मात्र हे गट चालायचे तर त्यांची वेळ शाळेच्या घड्याळावर ठेवून भागणार नाही. पुणे परिसरातल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, शाळेची रविवारी. दुपारी दोनच्या बैठकीला फक्त घरी असणारी आई येईल. कंपनीतली, म्हणजे जिला सर्वांत जास्त गरज आहे ती, येणार नाही. निरोप लिहून पाठवण्याऐवजी बोलून पाठवला तर न वाचता येणाऱ्या आईलाही कळेल आणि हिंदीत एकदा, मराठीत एकदा पाठवायला मिनिटभरच जास्त लागेल. वर्गातल्या सगळ्यात मागे असलेल्या पाच मुलांच्या आयांना आठवड्यातून एकदा फोन करणं कोणत्याही शिक्षकाला जमण्यासारखं आहे. आणि बैठकीला बापालाही बोलवा. फोन त्याच्याकडेच असतो.

शाळा व्यवस्थापन समित्यांना हे ठरवायला वरून आदेश लागत नाही. समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असं शिक्षण हक्क कायदाच सांगतो. पुढच्या बैठकीत या विषयाला जागा द्या आणि बैठक गुरुवारी संध्याकाळी ठेवा.